बाजाराच्या दिवशीचे फोटो

ड्राइव्ह पुसायला मला हातातला चहा संपवण्याइतकाही वेळ लागला नाही. मला उगाच वाटत होतं की काहीतरी होईल. पंखा जोरात फिरेल, आत कुठे करकर वाजेल, निदान पडदा क्षणभर काळा होईल. सहा वर्षं रोज सकाळी माझा कॉम्प्युटर ज्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचा, ती रिकामी होताना यादीतली एक ओळ गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, बस. मी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. रस्त्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली दोन बकऱ्या पडलेली फुलं वेचून खात होत्या. ऊन इतकं पांढरं होतं की बकऱ्यांचे पाय जमिनीला टेकलेत की नाहीत, तेच कळत नव्हतं.

सालेकसा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, निळा पडदा, दोन दिवे, एक फिरतं स्टूल आणि खिळ्याला टांगलेला काळा कोट. कोट मी शिंप्याकडून पाठीत उभा चिरून घेतला आहे. बारीक-जाडा कुणीही यावं, समोरून हात घालावेत आणि साहेब होऊन बसावं. मागून पाहिलं तर साहेबाचं बनियन दिसतं, पण फोटो काही मागून काढत नाहीत. या कोटात मी अर्धा तालुका बसवला आहे. कॉम्प्युटरवर फोटोंची यादी भरभर खाली सरकवली की कोट जागच्या जागी राहतो आणि वरची डोकी तेवढी बदलत जातात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हा खेळ बराच वेळ करत असे. डोळे जड व्हायचे, आणि शेवटी शेवटी तो सगळा एकच माणूस वाटायचा, हळूहळू म्हातारा होणारा आणि परत तरणा होणारा.

नवा कॉम्प्युटर मुलीनं घ्यायला लावला. ती नागपूरला नोकरी करते आणि तिथून फोनवर मला दटावते. जुनं मशीन मोठा फोटो उघडताना अडकायचं, आणि ते अडकलं की मी त्याला थापडा मारायचो. गोंदियाच्या दुकानदारानं ते उघडलं, आतली चपटी ड्राइव्ह दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "भैया, बाकी सब कबाड है, पर ये ड्राइव्ह एकदम बढिया है. इसको फेंको मत. साफ करके नए में डाल दो, मशीन फट से खुलेगी." मला ते पटलं. चालती वस्तू टाकवत नाही, हा आमच्या घरचा जुना रोग आहे. साफ मात्र मी स्वतः करीन असं मी त्याला सांगितलं. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. त्या समजाला कुणी हात लावला की मी चिडतो, हे माझी बायको कुणालाही सांगेल.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन ड्राइव्ह होत्या. एक ही छोटी, जिच्यावरून मशीन सुरू व्हायचं, आणि दुसरी मोठी, जिच्यात फोटो साठवायचे. कामाला छोटी, साठवणीला मोठी, हा माझा नियम. पुसायच्या आदल्या दिवशी मी मोठी ड्राइव्ह उघडून वर्षवार तपासली. सगळं जागच्या जागी होतं. ती जशीच्या तशी नव्या मशीनमध्ये लावली. मग छोटीची पाळी. मशीन ज्या ड्राइव्हवर चालू आहे, ती ड्राइव्ह ते पुसू देत नाही. म्हणून ते पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, मग पुसायचं आणि वर नवं विंडोज टाकायचं. पुसण्याआधी मशीननं मला एकदा नीट विचारलंही, की यातलं सगळं जाईल, चालेल का. मी हो म्हटलं.

त्याच दुपारी काउंटरवर डोकं ठेवून मला डुलकी लागली. तलावाच्या पाळीवर माणसं ओळीनं बसलेली दिसली. सगळ्यांच्या अंगात तो कोट, सगळ्यांची पाठ माझ्याकडे, आणि पाठीवरची चीर वाऱ्यानं उघडत होती, मिटत होती. मी ओरडत होतो, इकडे पहा, कॅमेऱ्याकडे पहा. कुणी वळेना. पाणी अगदी शांत होतं आणि पाण्यात त्यांची तोंडं दिसत असणार असं मला वाटत होतं, पण पाळीपलीकडे जायला माझे पाय उचलेनात. जागा झालो तेव्हा गाल काउंटरच्या काचेला चिकटला होता. मला त्या स्वप्नाची गंमत वाटली आणि मी ती बायकोला सांगितलीसुद्धा.

आमच्याकडे कुणी वारलं की पाच-सात दिवसांत घरचं कुणीतरी माझ्याकडे येतं. जंगलपट्ट्यातल्या कितीतरी माणसांचा आयुष्यात एकच धड फोटो निघतो, तोही कुठल्यातरी फॉर्मला लागतो म्हणून. तो माझ्याकडे असतो. मग मी तो शोधतो, मोठा करतो, मागचा निळा पडदा काढून तिथे ढग घालतो आणि फ्रेम करून देतो. या कामाचा मला फार अभिमान होता. चहाच्या टपरीवर मी म्हणायचो, की या भागातलं माणूस मेलं तरी माझ्या दुकानात जिवंत आहे. लोक हसायचे आणि मान डोलवायचे.

ड्राइव्ह पुसल्यावर आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, एक बाई दुकानात आली. पन्नाशीच्या आतली, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. जंगलाकडच्या गावाची आहे हे सांगायला नको होतं, तिच्या लुगड्याला मोहाचा वास येत होता. नवरा थंडीत वारला, असं तिनं उभ्या उभ्या सांगितलं.

"पोरीचं लगन हाय वैशाखात," ती म्हणाली. "पोरगी म्हनते, मांडवात बाबाचा फोटू पायजे. खुर्चीवर ठेवाले. घरी एक नाई, भाऊ."

"मोबाईलमध्ये पण नाही?"

"मोबाईल समोर धरला का तोंड फिरवे तो. तुमच्याच इथं बसला होता एक डाव, फारमासाठी."

मी तिला स्टूल दिलं आणि मोठ्या ऐटीत मोठी ड्राइव्ह उघडली. नाव टाकलं, नाही. गावाचं नाव टाकलं, नाही. वर्ष विचारलं तर तिला ते सांगता येईना. मग ती म्हणाली, "आमी सारे गावचे टेम्पोत आलो होतो. बाजाराचा दिस होता." आणि माझी नजर आपोआप पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथे नव्या विंडोजनं कुठल्यातरी परदेशी तळ्याचं चित्र लावलं होतं. निळंशार तळं, त्यात डोंगर. सहा वर्षं त्या कोपऱ्यात माझं एक पिवळं फोल्डर होतं. त्याचं नाव 'नंतर'.

बाजाराच्या दिवशी माझ्याकडे झुंबड असते. त्यात वीज जाते, इन्व्हर्टर टुकटुक करत असतो, टेम्पोवाला बाहेरून हॉर्न मारत असतो. त्या दिवशीचे फोटो नावानिशी मोठ्या ड्राइव्हमध्ये टाकायला सवड कुठली? मी ते पडद्यावरच्या 'नंतर'मध्ये ढकलायचो. मास्तर, कारकून, कॉलेजच्या मुली हे लोक इतर दिवशी येतात, आरामात बसतात, त्यांचे फोटो मी नीट नाव घालून साठवायचो. पडद्यावर समोर दिसणारं फोल्डरही मशीन सुरू करणाऱ्या छोट्या ड्राइव्हमध्येच असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते इतकं समोर होतं की ते कुठेतरी ठेवलेलं आहे, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे ज्यांच्या घरी अल्बम आहेत, मोबाईलमध्ये हजार फोटो आहेत, त्यांची तोंडं माझ्याकडे सुखरूप होती. जे फक्त बाजाराच्या दिवशी येऊ शकत होते, ते सगळे मी चहा पिता पिता पुसले होते.

बाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मशीन बिघडलं होतं हो. त्यात गेला बहुतेक."

"मशीनचं काय, बिगडतेच," ती म्हणाली आणि उलट मलाच समजावल्यासारखी हसली.

तिनं पिशवीतून आधार कार्ड काढलं. त्यावर फोटो कसला, काळा डाग होता आणि डागात दोन पांढरे ठिपके. मग तिला आठवलं, घरी रोजगार हमीचं जॉब कार्ड आहे, त्यावर माझ्याच दुकानातला फोटो डकवलेला आहे. "पर त्याच्यावर ठप्पा बसला हाये, भाऊ. अर्धं तोंड दिसत नाई." मी म्हणालो, घेऊन या, पुढच्या बाजारी.

त्या आठवड्यात मी ड्राइव्ह घेऊन रेल्वेनं गोंदियाला गेलो. खिडकीशी बसलो होतो. बाहेर धानाच्या शेतांची रिकामी बांधी, मग जंगल, मग परत बांधी, आणि खिशातली ती चपटी वस्तू हाताला कोमट लागत होती. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पुरानी हार्ड डिस्क रहती तो कुछ निकल आता, भैया. इस चिपवाली में से कुछ नहीं आएगा. ऊपर से आपने नया विंडोज भी डाल दिया." परतताना मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही, फक्त म्हणाली, "पुसलं तं पुसलं. खोटं कायले बोललात? तिनं का तुमाले खाल्लं असतं?" मी तिच्यावर खेकसलो आणि अंगणात जाऊन बसलो.

पुढच्या बाजारी बाई सकाळीच आली. जॉब कार्ड तिनं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून आणलं होतं. कपाळ, डोळे, नाक आणि उजवा गाल ठीक होता. डाव्या गालावर आणि अर्ध्या ओठांवर जांभळा गोल शिक्का. मी कार्ड स्कॅन केलं, पडद्यावर मोठं केलं आणि शिक्का काढायला लागलो. काढला, पण खाली काहीच उरलं नाही, राखाडी धुरळा नुसता. अशा वेळी धंद्यातली एक युक्ती असते. उजवी बाजू उचलायची, उलटी करायची आणि डावीकडे बसवायची. पाच मिनिटांत चेहरा पुरा झाला. स्वच्छ, सरळ. मी मॉनिटर तिच्याकडे वळवला.

बाईनं पुढे वाकून पाहिलं.

"हा कोन होय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हे तुमचेच मालक.

"नाई. याचं तोंड सारखं हाये. त्याचं सारखं नव्हतं."

मग ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि सांगू लागली. ओठ इकडून थोडा खाली घ्या. एवढा नाही. गाल भरा. अजून. मी माउस हलवायचो, ती पडद्याकडे पाहायची, मधेच डोळे मिटायची, परत उघडायची. बाहेर बाजार भरत होता, टमाट्याच्या हाका येत होत्या, पण त्या फार लांबून आल्यासारख्या वाटत होत्या. तिनं डोळे मिटले की मीही मिटायचो, का कोण जाणे. मला तो माणूस आठवतच नव्हता. मी त्याला याच स्टुलावर बसवला होता, हनुवटीला दोन बोटं लावून त्याची मान सरळ केली होती, आणि माझ्याकडे त्याचं काही म्हणता काही उरलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"डाव्या गालात खर्रा असे त्याच्या," बाई म्हणाली. "झोपेतबी असे. मनून तो गाल फुगेलच राये."

आणि मला दिसला. दारात उभा असलेला उंच माणूस, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि मी ओरडतोय, आधी थुंकून या, फोटोत गाल फुगलेला दिसतो. तो बाहेर गेला, थुंकल्यासारखं केलं आणि तसाच आत येऊन बसला. मी परत ओरडलो. त्यानं मान हलवून नाही म्हटलं, तोंड न उघडता, डोळ्यांनी हसत. मी रागारागात बटण दाबलं होतं. हा तोच होता का, की तिनं सांगितलं म्हणून मी असा कुणी माणूस तयार केला, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही. पण माझा हात त्यानंतर थांबला नाही. गाल भरला, त्याखाली थोडी सावली टाकली, ओठाचं टोक किंचित दाबलं.

"बस," बाई म्हणाली. "आता हात नोका लावू."

ती पडद्याजवळ सरकली. तिनं त्याला हात लावला नाही, फक्त पदर नीट केला, घरात मोठं माणूस आल्यावर बायका करतात तसा. मी प्रिंट काढली, फ्रेम केली. मागे ढग घालू का विचारलं तर ती म्हणाली, ढगात कायले, तो का विमानात बसला होता? मी निळा पडदाच राहू दिला.

जाताना तिनं पिशवीतून मूठभर चारोळी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "मशीन बिगडलं तरी तुमी एवढं केलं. दुसरा कोनी करते का?"

मी म्हणालो, "बाई, मशीन बिघडलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरसाठी मी ती जागा पुसली. न पाहता. फोटो माझ्या हातून गेला."

ती दारात थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी खाली मान घालून तयारच होतो. तिनं फ्रेम छातीशी धरली आणि विचारलं, "अन् बाकीचे? टेम्पोत आलो होतो ते?"

"तेही."

"सारे?"

"सारे."

ती मोजत होती, ओठ हलत होते. "आमच्या गावचे तीन बुढे गेले यंदा," ती म्हणाली. "त्याईच्या घरचे अजून आले नाई तुमच्याकडे. येतीन. त्याईले वाटते का तुमच्यापाशी हाये." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "त्याईच्या घरी तुमी जाऊन सांगा. मी नाई सांगत." आणि ती बाजारात शिरली. चारोळी तिनं परत नेली नाही, मलाही ती उचलवेना.

त्याच्या पुढच्या बाजारी मी दुकान उघडलं नाही. सकाळी मोटरसायकल काढली आणि जंगलाच्या रस्त्याला लागलो. तेंदूला नवी पालवी फुटली होती, कोवळी आणि तांबूस, आणि तिच्यातून येणाऱ्या उन्हामुळे सगळा रस्ताच लालसर झाला होता. मोहाखाली, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून जाळलेल्या पाल्याची काळी वर्तुळं होती. वाटेत माणूस भेटलं नाही. गाडीचा आवाजही त्या उजेडात विरून जात होता, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. प्रत्येक वळणाला माझं वाक्य बदलत होतं. एकदा वाटलं, गावच लागू नये, हा रस्ता असाच चालत राहावा.

गाव लागलं. वारलेल्या तिघांपैकी पहिल्या म्हाताऱ्याचं घर विचारलं. अंगणात एक म्हातारी वाळत घातलेली मोहफुलं हातानं सारखी करत होती. मी गाडी लावली तशी तिनं कपाळाला हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगे माय, फोटूवाले!" ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती उठून घरात गेली. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिनं केसांना तेल लावून ते चापून विंचरले होते आणि धुतलेलं लुगडं नेसली होती. ती खाटेवर बसली, पाय जुळवले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बुढ्याचा तं तुमच्यापाशी हायेच," ती म्हणाली. "माजाच राहून गेला होता. काढा."

मी कॅमेरा आणलाच नव्हता. मी तिच्यासमोर, मोहफुलांच्या कडेला, जमिनीवर बसलो आणि तिला सांगितलं.